शाल-नारळ आणि उतारावरचं गवत

आमच्या घरमालकांचा जाहीर सत्कार मी त्यांच्याच गोठ्यात केला, आणि तोही ते शेण काढत असताना.

जाहीर म्हणजे पाच गाई आणि एक कालवड हजर होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, एका हातात शाल, दुसऱ्या हातात नारळ. मालकांच्या पायांत रबरी बूट आणि अंगात निळा डगला. मी पुढे झालो, शाल त्यांच्या खांद्यांवर घातली, नारळ हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी फावडं काखेत धरून नारळ घेतला, हलवून पाहिला आणि म्हणाले, "माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो."

हे असं का झालं ते सांगायला हवं, नाहीतर लोक समजतील की माणूस जर्मनीत राहून कामातून गेला.

आम्ही नेकारसुल्मपासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात राहतो. मी तिथल्या मोटारींच्या कारखान्यात दारांचा माणूस. गाडीचं दार लावल्यावर आवाज कसा आला पाहिजे, यावर माझं पोट चालतं. दिवसभर दारं आपटतो आणि ऐकतो. घरी मात्र दार आपटलं तर बायको ओरडते. मालकांच्या शेतघराचा वरचा मजला आमचा. खाली ते एकटेच. पत्नी गेलेली, मुलगा लांब शहरात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. माझा त्यांच्याशी संबंध तीन विषयांपुरता: गाडी कुठे लावायची, कचऱ्याचा कुठला डबा कधी बाहेर काढायचा, आणि जिना झाडायची पाळी कोणाची. इकडे जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, आणि ती चुकवण्याला माफी नसते. मालक स्वतःची पाळी स्वतः झाडत. दोनदा माझीही झाडली होती, काही न बोलता. ते जास्त लागतं.

एके दिवशी बेकरीवाल्या बाई पाव बांधता बांधता सहज म्हणाल्या, "तुमचे मालक दहा वर्षं लांडटागमध्ये होते ना, तेव्हा आमचा रस्ता झाला."

लांडटाग म्हणजे राज्याची विधानसभा. म्हणजे आमदार! मी पावाची पिशवी तिथेच विसरून घरी आलो. आमदार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पांढरी गाडी, मागे दहा माणसं, चौकात वाढदिवसाचा फलक. आणि हा आमदार गेल्या शनिवारी आमच्या संडासात उताणा झोपून फ्लशची टाकी दुरुस्त करत होता. मी वरून टॉर्च धरला होता आणि "जरा डावीकडे" अशा सूचना देत होतो.

"अगं, आमदार! दहा वर्षं!" मी बायकोला म्हणालो.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पोरांना सफरचंद द्यायला येतात तेव्हा बोलतात."

पोरं म्हणजे गावच्या किंडरगार्टनमधली. माझी बायको तिथे शिकवते. चाळिशीला आल्यावर तिने तीन वर्षांचं शिक्षण घेतलं, विशीतल्या मुलींच्या शेजारी बसून, जर्मनमधून परीक्षा देऊन. ती म्हणते, पोरांचं जर्मन तिच्याहून चांगलं आहे. असेल. पण दूध सांडलं की गावातलं प्रत्येक पोर "अरे बापरे" म्हणतं, हे तिचं काम आहे.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात बातमी आली होती की गावचं किंडरगार्टन बंद करायचं घाटतंय. मुलं कमी, छप्पर गळतं, तेव्हा सगळ्यांना बसने शेजारच्या शहरात पाठवायचं. बायकोची नोकरी जाणार नव्हती. तिला शहरातल्या मोठ्या, चकचकीत इमारतीत घेणार होते. फक्त तिचा तिथला चहाचा मग एका संध्याकाळी घरी आला आणि आमच्या कपाटात बसला. एवढंच. पण मला तो मग बघवेना.

तेव्हा माझ्या मराठी डोक्याने हिशोब केला: खाली आमदार, वर अडचण. मध्ये फक्त एक जिना, तोही झाडलेला. शाल माझ्या वडिलांनी इकडे आमच्याकडे येताना आणून ठेवली होती, "परक्या देशात कोणाचा सत्कार करायची वेळ येईल, सांगता येत नाही" म्हणून. नारळ आशियाई दुकानातून आणला. बायको म्हणाली, "अरे, आधी त्यांना विचार तरी." मी म्हणालो, "सत्कार विचारून करत नाहीत."

तर मी गोठ्यात. नमस्कार झाल्यावर मुद्द्यावर आलो. "तुम्ही एक फोन केलात तर काम होईल."

"कोणाला?"

"तुम्हालाच माहीत."

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. "फोन मी करत नाही. लांडटागमध्ये होतो तेव्हाही करत नव्हतो." मग माझं पडलेलं तोंड बघून बहुधा दया आली असावी. त्यांनी दुधाची बादली उलटी करून मला बसायला दिली, आणि शाल न काढताच स्वतः कडब्याच्या गठ्ठ्यावर बसले. "आमच्या अमेरिकेच्या काकांचं तुम्हाला सांगतो," म्हणाले.

त्यांचं जर्मन इकडच्या बोलीतलं. निम्मं मला कळलं, उरलेलं निम्मं बायकोने नंतर त्यांच्याकडून ऐकून मला सांगितलं. खरं किती, ते स्वतःच म्हणाले की देव जाणे. घरात सफरचंदाच्या दारूबरोबर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट.

काका म्हणजे त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. शेत थोरल्याला मिळालं, याच्या वाट्याला काही नाही. म्हणून तो जहाजाने अमेरिकेला गेला, शे-दीडशे वर्षांपूर्वी. पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या खोलीत काढला, वर गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांचं छप्पर. दुसऱ्यांच्या मक्यात राबला. इंग्रजी शिकला ते गुरांच्या बाजारात. आधी जनावरांची नावं, मग आकडे, मग शिव्या, आणि सगळ्यात शेवटी "नमस्कार". दलदलीचा एक तुकडा कोणी घेत नव्हतं म्हणून याला मिळाला. चर खणून खणून त्याने तो कोरडा केला. बैलांची जोडी घेतली. पेरणीच्या दिवसांत शेजारी मागायला आला की हा आधी त्याला बैल द्यायचा, आपलं शेत शेवटी.

"म्हणून त्याला निवडून दिला," मालक म्हणाले. "त्याची मतं काय आहेत हे कोणी विचारलंच नाही. दार ठोठावलं की हा माणूस घरी असतो, एवढं लोकांना माहीत होतं."

हा गडी विधानसभेत गेला तो स्वतःची भाकरी बांधून. भाकरी म्हणजे राईचा काळा पाव आणि खारवलेलं डुकराचं मांस, पण गोष्ट मला भाकरीचीच वाटली. बुटांना शेणाचा वास, म्हणून शेजारची खुर्ची रिकामी राहायची. पहिलं सबंध अधिवेशन तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या भागात एक नदी होती. वसंतात पूर आला की पलीकडची मुलं शाळेला मुकत. लोक त्याला म्हणत, तू आमदार, तू पूल मागून आण. तो म्हणायचा, "मी मागणार नाही. मी तुम्हाला घेऊन जाईन, तुम्ही मागा." आणि खरंच, आपल्या बैलगाडीत त्याने नदीपलीकडच्या एका विधवेला बसवलं, दोन मुलांची आई, आणि राजधानीला नेलं. समितीपुढे उभा राहून म्हणाला, "मी वाईट बोलतो. जिला पलीकडून यायचं असतं ती चांगलं बोलते." आणि खाली बसला. ती बाई बोलली.

"मग?" मी विचारलं.

"मग तो घरी आला. मतदान व्हायच्या आधीच. ओट पेरायचं राहिलं होतं." मालक हसले. "लोक चिडले. पूल त्याच्याशिवाय मंजूर झाला. तो म्हणाला, पूल माझ्याशिवाय होतो, ओट होत नाही. आणि अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा त्याच्या बायकोने पुलाचं विचारलंही नाही. हातात कुदळ दिली."

मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. आजही वाटतं. मी स्वतः परक्या देशात दार नीट लागतंय का हे ऐकत बसलेला माणूस. अर्ध्या भाषेत सभागृहात उभं राहायचं, आणि उभं राहून जागा दुसऱ्याला द्यायची, याला काय लागत असेल ते मला थोडं तरी कळतं. मालकांनीही पुढे तेच केलं होतं, हे बेकरीवाल्या बाईंकडून नंतर समजलं. पहाटे दूध काढून हे गाडीने राजधानीला, श्टुटगार्टला जायचे. कोणी अडचण घेऊन आलं की म्हणायचे, "उद्या सकाळी गाडीत बसा." बाई स्वतः त्या रस्त्यासाठी अशाच गेल्या होत्या, पावाचं पीठ अंगाला तसंच.

मालक गठ्ठ्यावरून उठले. "मंगळवारी गावची सभा आहे. सुरुवातीला लोकांना प्रश्न विचारता येतात. मी तुम्हाला गाडीने नेतो."

"मी? माझं जर्मन?"

"आमच्या काकांचं इंग्रजी ऐकलं असतंत तर," ते म्हणाले.

बायकोने बोलणं शक्य नव्हतं. ती गावच्या पंचायतीचीच नोकर, आपल्याच नोकरीसाठी कसं बोलणार? तेव्हा मीच. कारखान्यात माझं सगळं इंग्रजीत चालतं. जर्मनमध्ये मी पाव मागू शकतो आणि माफी मागू शकतो, दोन्ही उत्तम. तरी मी भाषण लिहिलं. सुरुवात "सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर" अशी. आमची मुलगी सोळा वर्षांची, मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. ती ते वाचून जमिनीवर बसली, हसायला. "पापा, नाइन," म्हणजे "नको", एवढंच म्हणत राहिली. शेवटी तिने जर्मनमध्ये समजावलं की तिथे व्यासपीठ नाही, टेबलं आहेत, आणि मान्यवरांपैकी एक तिच्या मैत्रिणीचा बाप आहे.

सराव गोठ्यात. संध्याकाळी मालक दूध काढायचे, मी गाईंपुढे बोलायचो. गाई फार चांगल्या ऐकतात. रवंथ करतात, पण नजर हलवत नाहीत. आमच्या कारखान्यातल्या मीटिंगमध्ये एवढं कोणी लक्ष देत नाही. मालक मध्येच विचारायचे, "किती गोष्टी सांगायच्या आहेत?"

"नऊ."

"एक सांगा."

दुसऱ्या संध्याकाळी पाहिलं तर माझी शाल एका नव्या वासराच्या पाठीवर. रात्री जन्मलेलं, अशक्त, थरथरत होतं. क्षणभर मला लागलं. वडिलांनी आणलेली, जरीची! मग वाटलं, सत्काराच्या शाली आपल्याकडे कपाटात घडी होऊन मरतात. ही कामाला तरी लागली. नारळाचंही तसंच. पाणी आम्ही दोघं प्यायलो, खोबरं खाल्लं आणि दोन्ही करवंट्या त्यांनी पाखरांच्या दाण्यासाठी सफरचंदाच्या झाडाला टांगल्या.

मंगळवार उजाडला तो जून महिन्यातला कडक, स्वच्छ. मालकांनी रविवारीच उतारावरचं गवत कापलं होतं. सफरचंदाच्या झाडांखालचा तो उतार फार तिरपा, मशीन चालत नाही. सगळं हाताने, दाताळ्याने ओढून गोळा करावं लागतं. गवत सुंदर वाळलं होतं. आणि संध्याकाळी सभेला निघालो तर द्राक्षमळ्यांच्या डोंगरावर ढगांची काळी भिंत.

मालकांनी मला सभागृहाच्या दाराशी उतरवलं. स्वतः उतरले नाहीत. खिडकीतून आकाशाकडे बघत होते.

"आल्झो," म्हणाले, म्हणजे "तर मग". "गवत."

"म्हणजे?"

"पाऊस येतोय. मी जातो."

"आणि मी?"

"तुम्ही आत जा."

गाडी गेलीसुद्धा. मी तिथे पायरीवर, घामाने भिजलेला. मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमदार शेवटी आमदारच, असं काहीसं. ऐन वेळी गायब! अमेरिकेच्या काकांचं मला कौतुक होतं ते गोष्टीत. आपल्यालाच कोणी पायरीवर सोडून गेलं की मग ओट-बिट काही सुचत नाही.

आत गेलो. मुलगी शेवटच्या रांगेत बसली होती. तिने अंगठा वर केला. माझ्या शेजारची खुर्ची तरीही मी मालकांसाठी धरून ठेवली, ती रिकामीच राहिली. गावच्या बुर्गरमाइस्टर, म्हणजे सरपंच बाई, यांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का. मी उभा राहिलो. सगळ्या माना दाराकडे वळल्या, मालकांना शोधायला. ते आले असते तर सभा त्यांच्याकडेच बघत बसली असती, मी काय बोलतो ते कोणी ऐकलं नसतं. हे मला त्या क्षणी मुळीच सुचलं नाही, दुसऱ्या दिवशी दारं आपटताना सुचलं. माना परत माझ्याकडे आल्या. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

नऊतली जी एक ठरवली होती ती गोष्ट पार विसरलो. कागद खिशात होता; तो काढायचंही भान नव्हतं. तोंडातून निघालं ते असं:

"मी वाईट बोलतो. मी इथे बरीच वर्षं राहतो. आधी मला इथे कोणी ओळखत नव्हतं. मी वरच्या मजल्यावरचा माणूस होतो. मग माझी बायको किंडरगार्टनमध्ये लागली. आता रस्त्यात लोक थांबतात. मुलं हात हलवतात. माझं नाव कोणाला येत नाही, मी फक्त तिचा नवरा आहे. किंडरगार्टन गेलं तर तिला शहरात काम आहे. पण मी पुन्हा वरच्या मजल्यावरचा माणूस होईन. आणि मला वाटतं, तुमच्यातलेही थोडे होतील."

आणि "अरे बापरे" म्हणत खाली बसलो. क्रियापदं बहुतेक चुकीच्या जागी पडली होती. बाहेर ढग गडगडले.

मग एक खुर्ची सरकली. बेकरीवाल्या बाई. त्या म्हणाल्या, छप्पर गळतं तर छप्पर दुरुस्त करा, बेकरीचं गळलं तेव्हा मी बेकरी शहरात नेली नाही. मग एक तरुण आई. मग एक द्राक्षमळेवाला. बेकरीवाल्या बाई नंतर म्हणाल्या की तो आजवर सभेत कधी बोललेला नाही. मला वाटतं, माझ्यासारख्याने त्या जर्मनमध्ये बोलून दाखवल्यावर बाकीच्यांना गप्प बसायला कारण उरलं नव्हतं. शेवटी सरपंच बाई म्हणाल्या, "माझा नातू दूध सांडलं की काहीतरी ओरडतो. आज कळलं कुठून आलंय ते," आणि सभा हसली. निर्णय पुढे ढकलला.

पुढचं थोडक्यात सांगतो. गावातल्या लोकांनी सुट्टीच्या दिवसांत स्वतः छपरावर चढून ते दुरुस्त केलं. मालक खालून कौलं द्यायला होते आणि मी खालून सूचना द्यायला. किंडरगार्टन राहिलं, दोनाऐवजी एका वर्गाचं, पण राहिलं. चहाचा मग परत गेला.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी सभागृहाबाहेर आलो तेव्हा अजून चांगला उजेड होता आणि वारा सुटला होता. घरी आलो तर कोणी नाही. उतारावर पाहिलं तर मालक गवताच्या गाडीवर उभे, गवत रचताहेत. आणि खाली डोक्याला ओढणी बांधून दाताळ्याने गवत ओढणारी माझी बायको. सभेला येता येत नव्हतं म्हणून ती इथे आली होती. मी सुटाबुटात तसाच चढ चढलो. धापा टाकत पोचलो.

मालकांनी वरून एकदा माझ्याकडे पाहिलं. सभेत काय झालं ते विचारलं नाही. "गेनाऊ," म्हणजे "अगदी बरोबर", एवढं म्हणाले, कशाला ते मला अजून कळलेलं नाही, आणि पुढचा भारा मागायला हात खाली केला.

पहिले थेंब पडले. बायकोने केसांतलं गवत काढलं, दुसरं दाताळं उचललं आणि माझ्या हातात दिलं. मला अमेरिकेच्या काकांची ती कुदळ आठवली. आम्ही शेजारी शेजारी ओढत राहिलो. अर्धा उतार झाला. मग ती न थांबता, गवताकडेच बघत म्हणाली:

"मुलीने मागच्या रांगेतून सगळं फोनवर ऐकवलं मला. छान बोललास. पण 'फक्त' तिचा नवरा? पुढच्या वेळी त्यातलं 'फक्त' काढ."